जबल अलीचा ससा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मशिदीतल्या दोस्तांजवळ नाही. अल्लाला ठाऊक आहे — पण त्याला काय, सांगावं लागत नाही. तुम्हाला का सांगतोय? काय माहीत! म्हातारपणी तोंड सुटतं माणसाचं.

साठच्या दशकात मी दुबईत होतो, एका इंग्रज कंपनीच्या गोदामात कारकून. खाडीच्या अलीकडे, बर दुबई नावाच्या वस्तीत आम्ही रत्नागिरीकडचे चौघं एका खोलीत राहायचो. त्यात इब्राहिमचाचा थोरला. सख्खा चाचा नव्हे, माझ्या बाबांचा जिवलग दोस्त. कंपनीच्या मेसमध्ये खानसामा होता. साहेब लोकांना डबाबंद मांस तळून द्यायचा, पण मीठ बघायलासुद्धा चमचा कधी जिभेला लावला नाही त्याने. हलाल-हरामच्या बाबतीत चाचा म्हणजे — जाऊ द्या, कळेलच तुम्हाला.

एका शुक्रवारी होडीने खाडी ओलांडून देराच्या बाजारात गेलो होतो. एका इराण्याच्या दुकानात, कंदील आणि दोरखंडांच्या मध्ये, ती टांगलेली दिसली. छोटी रायफल, पॉइंट टू-टू. खालचा लिव्हर पुढे ढकलून मागे ओढला की दुसरी गोळी चढते, तसली. बाबांकडे हुबेहूब अशीच होती! ते जहाजावर होते, कुठल्याशा बंदरातून आणलेली. ते वारले आणि लायसन्सच्या भानगडीत ती पोलिसांकडे जमा झाली, ती गेलीच. मी लिव्हर ओढून बघितला — तोच आवाज. खलास! घासाघीससुद्धा केली नाही. मला रायफलची गरज होती का? कसली गरज! बाप परत भेटल्यासारखं वाटलं, म्हणून घेतली.

चाचाने ती मांडीवर घेतली आणि पोरासारखा रडला. गावाला कातळावर बाबा ससा टिपायचे आणि चाचा सुरी घेऊन धावायचा, अशी त्यांची वाटणी होती. आमच्यात शिकारीच्या अंगात जीव असतानाच सुरी फिरली पाहिजे. आधीच मेला तर तो मुरदार, खायचा नाही. चाचा सशाच्या डोळ्याला बोट लावून बघायचा. पापणी हलली नाही की ससा तिथेच टाकून दोघं रिकाम्या हाताने घरी. लहानपणी त्या टाकलेल्या सशांसाठी मी किती भोकाड पसरलंय!

चाचाचे गुडघे गेले होते, तो कायमचा गावी निघाला होता. जाण्याआधी एकदाच शिकारीचा ससा खाऊ म्हणाला. मी कंपनीची जीप मागून घेतली. जबल अली म्हटलं की आज तुम्हाला बंदर दिसतं. तेव्हा नुसती वाळू आणि खुरटी झुडपं होती. दिवस कलायला आला तेव्हा एका झुडपातून ससा उठला आणि थोडं जाऊन थांबला. मी गोळी घातली. लागली! चाचा जीपमध्ये बसून टाळ्या वाजवत होता — ‘धाव बेटा, यल्ला, धाव!’ आता धावणारा मीच ना.

आणि इथे चुकलं. मी कातळाच्या हिशेबाने अंतर धरलं होतं. कातळावर पाय उडतात हो. वाळूत ते घोट्यापर्यंत रुतत होते, आणि जवळ दिसणारा ससा काही केल्या जवळ येईना. टेकाडापलीकडे पोचलो तेव्हा तो आडवा पडलेला. डोळा उघडा. मी बोट लावलं.

पापणी हलली नाही. पुन्हा लावलं. नाहीच.

तरी मी सुरी काढली. बिस्मिल्ला म्हटलं — म्हणजे बघा, नावसुद्धा घेतलं त्याचं! — आणि मेलेल्या गळ्यावर फिरवली. टेकाडावर चढून ससा वर धरला आणि ओरडलो, ‘होता चाचा! जीव होता!’

चाचासाठी केलं, म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून केलं, असं वर्षानुवर्षं मनाची समजूत घालत आलो. साफ खोटं. मला त्या दिवशी माझा बाप व्हायचं होतं. आणि माझा बाप तर ससा टाकून घरी आला असता.

चाचाने खोबऱ्याचं वाटण लावून तो शिजवला. बोटं चाटत खाल्ला. जेवल्यावर हात वर करून माझ्यासाठी दुआ मागितली. न कळत खाणाऱ्याला गुन्हा नाही, हे मलाही माहीत आहे. सगळं माझ्याच डोक्यावर आहे. रायफल मी विकून टाकली. चाचाला सांगितलं, चोरीला गेली. म्हणजे खोट्यावर आणखी एक खोटं.

पुढे मीही गावी परतलो. चाचाने अंथरूण धरलं होतं. तेव्हा तो कुणाकडचं मटण खाईना, फक्त आमच्या घरचं. नातेवाईक रुसायचे. तो म्हणायचा, ‘रशीद बापावर गेलाय. त्याच्या घरचं डोळे मिटून खावं.’ मी ताट घेऊन जायचो, त्याच्या खाटेजवळ बसायचो, आणि ‘हो चाचा’ म्हणायचो. बोलता आलं नसतं का? रोज आलं असतं. मी घाबरट आहे, दुसरं काही नाही.

तो गेला तेव्हा मयताला आंघोळ घालायला घरच्यांनी मला बोलावलं, मुलासारखा म्हणून. आंघोळीआधी मयताचं तोंड आतून पुसतात. ते काम माझ्याकडे आलं. मी ओलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि चाचाचे दात पुसले, ओठ पुसले, पुन्हा दात पुसले. शेवटी त्याच्या मुलाने माझा हात धरला. म्हणाला, ‘बस्स झालं, रशीदभाई. साफ आहे.’