बाबांनी स्वतःवर घेतलेली चूक
नव्या सीट कव्हरचा वास आला की कारखान्याच्या वसाहतीतला, सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरसमोरचा तो उतार आठवतो. माझ्या नव्या ऑटोमॅटिक गाडीत शेजारी बसून, प्लांटातून रिटायर झालेल्या बाबांनी विचारलं होतं, "पी आन् एन मंदी फरक काय रे?" मी म्हणालो, "बाबा, तुमाले नाही समजनार," आणि गीअर पीवर, म्हणजे पार्कवर न नेता एनवर, म्हणजे न्यूट्रलवरच ठेवून, हँडब्रेक न लावता, मिठाई वाटायला उतरलो. गाडी मागे घरंगळली आणि तिनं शेजाऱ्याचं कुंपण मोडलं. बाबांनीच हँडब्रेक ओढून ती थांबवली. शेजारी धावत आला, तेव्हा ते म्हणाले, "माह्याच हातानं गीअर हालला." तो हसला, "काका, इस उमर में गाड़ी को हाथ मत लगाओ." बाबा खाली बघत राहिले आणि मी शेजाऱ्यासोबत हसलो. आता बाबा नाहीत, आणि त्या हसण्याची माफी मागायची राहूनच गेली.