हादरा आला की विकायचं

नात नांदेडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. परवा म्हणाली, "आज्जी, नोकरी सोडून डे ट्रेडिंग करावं म्हणते. सकाळी शेअर घ्यायचे, दुपारी विकायचे. तू काय म्हणतीस?"

मला विचारते, कारण घरात हा उद्योग केलेली एकटी मीच. चार वर्षं केला. लई शहाणी होते ना!

भूकंपात आम्हा दोघी जावांचे नवरे एकाच भिंतीखाली गेले. लेकरं तेवढी वाचली. त्यांना घेऊन लातूरला आलो. तेव्हा शिकवण्यांचं पेव फुटलेलं. उमरी, हदगावहून पोरं येऊन राहायची. आम्ही पत्र्याच्या शेडात मेस काढली. पत्राच, कारण स्लॅबखाली धाकट्या जावेला झोप लागायची नाही. ती भाकऱ्या थापायची, मी डबे पोचवायची. त्या एका मेसवर सगळे जगत होतो.

एक डबा शेअरच्या ऑफिसात जायचा. तिथं पडद्यावर आकडे उड्या मारताना बघितले आणि मीही थोडे पैसे लावले. पहिल्याच आठवड्यात मेसच्या महिन्याभराइतकं मिळालं, तेही पंख्याखाली खुर्चीत बसून. झालं! बाईसाहेब रोज दहा ते साडेतीन तिथंच.

जाऊ म्हणायची, "अक्का, पोरं जेवायला येतील. त्यांना काय आकडे वाढू?"

"तू थाप की भाकऱ्या. तुला कोण नको म्हणालंय?"

भूकंपानंतर आम्ही उशाशी तांब्यावर तांब्या रचून झोपायचो. तांब्या पडला की अंगणात पळायचं, जमीन थांबली की पुन्हा आत. तीच अक्कल मी बाजारात चालवली. भाव जरा थरथरला की विकून मोकळी. सावरला की तोच शेअर पुन्हा चढ्या भावात. दरवेळी ऑफिसवाल्याला दलाली. तिथली माणसं हसायची, "काकू पळाल्या बघा!" मी मिजाशीत सांगायची, "भूकंप बघितलाय मी. मला शिकवू न्हाई."

शेवटी लावायला काही उरलं नाही. जाऊ चाकूरला बहिणीकडं गेली होती. मी तिला न विचारता मेसची पातेली, शेगड्या, ताटं विकली. दोन दिवसांत कमावून सगळं परत आणणार होते!

ती आली, मोकळ्या शेडात उभी राहिली. "पुन्हा हादरा बसला का, अक्का?" एवढंच म्हणाली.

मग ती दुसऱ्यांच्या मेसमध्ये रोजानं भाकऱ्या थापू लागली. गुडघे गेले तरी थापत राहिली. मी साडेतीनला बाजार बंद झाला की घरी यायची आणि तिनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी खायची. भांड्यांचे पैसेही बुडाले आणि ऑफिसवाल्यानं दार दाखवलं, तेव्हा मीही तिच्या शेजारी ताटं घासायला बसले.

नात म्हणाली, "पण आज्जी, मी नियम पाळून करीन."

"हाव. मीबी नियमच पाळत होते, बाई. नोकरी सोडू नको."

"तुला नफा कधीच झाला नाही?"

"झाला की, पहिल्या आठवड्यात. त्यानंच तर चार वर्षं बसवून ठेवलं."

"धाकटी आज्जी तुला कधी बोलली नाही?"

नाही बोलली. फक्त घर माझ्यावर सोडून मरेपर्यंत पुन्हा चाकूरला गेली नाही. बहिणीच्या मातीलाही नाही.