मामांना राक्षस कळतात
राक्षसांबद्दल माझ्या बायकोच्या मामांना जेवढं ठाऊक आहे, तेवढं खुद्द राक्षसांनाही नसावं. मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत ते जादू, तलवारी आणि राक्षसांनी भरलेल्या, उशीएवढ्या जाड इंग्रजी कादंबऱ्या वाचत असतात. कुणी सहज 'भूत' म्हणालं, की चष्मा पुसून सुरू करतात : भूत म्हणजे मागे राहिलेला माणूस, राक्षस मुळात माणूस नव्हेच, काही राक्षस देवांनी हाकललेले, काही आपल्या हव्यासातून उपजलेले, आणि सगळ्यात वाईट ते करारावर काम करणारे. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये त्यांनी बिल्डरला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आपणहून आलात, की बोलावल्यावर?" बिल्डर अदबीनं म्हणाला, "सेक्रेटरींनी बोलावलं." मामा खाली बसले आणि मला म्हणाले, "वाट लागली. आमंत्रणाशिवाय ते आत येऊच शकत नाहीत."

गेल्या वर्षी मामी आजारी पडल्या. घरात त्या दुखण्याला सगळे 'ते' म्हणायचे, फार झालं तर 'तसलं'. हॉस्पिटलात मामी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आणि आम्ही खाटेभोवती उभे राहून बाहेरच्या उकाड्याबद्दल बोलत होतो. मामा एकदम म्हणाले, "कॅन्सर. हिला कॅन्सर झालाय."

"दादा, हळू," माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, पुटपुटल्या.

"हळू का? नाव टाळलं की राक्षस फुगतो. सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलंय. नाव घेतलं की निदान तो केवढा आहे ते दिसतं."

मामी वळल्या. म्हणाल्या, "मला भीती वाटते. कोणी विचारलंच नाही." मग त्या पोटभर रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी चहा मागितला.

आता त्या घरी आहेत. दुपारी मामा त्यांना कादंबरी वाचून दाखवतात, तीही इंग्रजीतून थेट मालवणीत, त्यामुळे नरकाचा राजा कुडाळच्या बाजारात घासाघीस केल्यासारखा बोलतो. परवा मी गेलो तेव्हा राजपुत्रानं राक्षसावर तलवार उगारली होती. मामींनी मध्येच विचारलं, "अहो, ह्या राक्षसाक आवस नसता काय? आई?"

मामांनी मागची पानं चाळली. "आसतली," ते म्हणाले. "लिवणाऱ्यान लिवल्यान नाय."

"मगे ती वाट बघीत आसतली."

 मामांनी पुस्तक मिटलं आणि ते चहा टाकायला उठले.