रश्श्याबद्दल कोणी बोललं नाही

जनावरांच्या डॉक्टरांनी शिकत राहावं असा नियम आहे आणि नियम चांगलाच आहे. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर प्रशिक्षणाचे गुण लागतात, म्हणून आम्ही जातो. ‘पाळीव प्राण्यांचं पोषण’ या विषयाचा पहिला रविवार जळगावच्या महामार्गावरच्या एका हॉटेलात झाला. तिथे एरवी साखरपुडे होतात. दहाची वेळ दिली होती. साडेअकरापर्यंत सत्कार चालले. संयोजकांनी पाहुण्यांचा केला, पाहुण्यांनी संयोजकांचा केला, आणि कोणी उरू नये म्हणून शेवटी माइकवाल्याचाही झाला. तेवढा एक मला पटला. तोवर काही काम केलेला तो एकटाच होता.

शिकवायला आलेले तज्ज्ञ कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीचेच होते. त्यालाही माझी हरकत नव्हती. विषय येत असला तर माणसाने कुठेही नोकरी करावी. पण दिवसभरात त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली, घरचं अन्न बंद करा. पडद्यावर एका बाजूला मरगळलेला कुत्रा आणि पोळी, दुसऱ्या बाजूला धावणारा कुत्रा आणि कंपनीची पिशवी. माझ्या शेजारी धुळ्याचे एक ज्येष्ठ डॉक्टर बसले होते. सरकारी दवाखान्यात जन्मभर म्हशी तपासून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. ते माझ्या कानाशी पुटपुटले, “आम्हनं कुतरं काय खास, हाई याले माहीत शे का?”

“आपली कुत्री काय खातात ते विचारा ना मग, नाना.”

“मी विचारसू अन् जेवन लांबी जाई. तूच विचार.”

मी विचारलं नाही. शेवटी चाचणी झाली. कोणी नापास होऊन मन दुखू नये म्हणून संयोजकांनी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली.

त्याच आठवड्यात पिंप्राळ्याच्या एक अक्का दवाखान्यात आल्या. निवृत्त परिचारिका, एकट्या राहतात. सोबत गल्लीतून उचलून आणलेला, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. अंग खाजवत होता, केस गळत होते. काय खातो म्हणून विचारलं.

“कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी, ताकात कुस्करून. कधी अंडं.”

“बंद करा. आजपासून घरचं काही नाही. फक्त ही पिशवी.”

“भाकरीसुद्धा नाही?”

“अक्का, भाकरीचा काळ गेला.”

हे वाक्य पडद्यावरचं होतं. मी ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं, याचा राग अजून गेलेला नाही.

तीन आठवड्यांनी अक्का त्याला रिक्षातून उचलून घेऊन आल्या. त्याला उभं राहवत नव्हतं. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या, लघवी कडक चहाच्या रंगाची. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी फुटत होत्या. गोचिडांच्या तापाची तपासणी केली, तो नव्हता.

“पिशवीतलंच देता ना?”

“तुम्ही सांगितलंत तेच. भाकरीचा तुकडा नाही दिला.”

“आणि हा खातो?”

“आधी हुंगायचाही नाही. दोन दिवस उपाशी राहिला. मग मी वरून रस्सा घालायला लागले, तर ताट चाटूनपुसून.”

“कसला रस्सा?”

“शेवभाजीचा. दुसरा कसला असतो?”

शेवभाजीच्या रश्श्यात भाजलेला कांदा असतो, लसूण असते. दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. रोज थोडं थोडं गेलं तरी पुरतं. माणसाला त्याने काही होत नाही, म्हणून ते कोणाच्या डोक्यात येत नाही. आणि आमच्या मुलखात ज्या अन्नाला चव नाही त्यावर रस्सा ओततात. पाहुण्याचं ताट असो की कुत्र्याचं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी ‘वरून काय घालता?’ एवढं मी विचारलं नव्हतं. ताक-भाकरीवर तो नुसता खाजवत होता. माझ्या सल्ल्याने तो मरायला टेकला.

मी अक्कांना तसंच सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे मीच माझ्या हाताने घातलं.”

“मी घालायला लावलं, अक्का.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नानांनी धुळ्याहून आपला धिप्पाड कुत्रा गाडीत घालून आणला. रक्त जुळलं आणि चढवलं. ते टिकलं तर कुत्रा वाचणार होता; दोन दिवस तरी कळणार नव्हतं. रविवारी धुळ्यात प्रशिक्षणाचा दुसरा भाग होता. सलाईन लावलं, अक्कांना त्याच्याजवळ बसवलं, कारण त्यांच्याइतकं नीट सलाईन आमच्याकडे कोणी सांभाळत नाही, आणि मी निघालो.

सत्कार आटोपल्याबरोबर मी माइक मागितला. “तुमच्या खाद्यावर रोज शेवभाजीचा रस्सा ओतला तर काय होतं?”

सभागृह हसलं. तज्ज्ञही हसले. “सर, आमचं खाद्य परिपूर्ण आहे. त्यावर काही ओतायची गरजच नाही.”

“हे कुत्र्याला कोण सांगणार? तो खात नाही. मग घरचे ओततातच.”

“हा मालकांच्या जागृतीचा विषय झाला. आजच्या सत्रात तो येत नाही.”

“मग कोणत्या सत्रात येतो?”

संयोजक धावत आले. “सर, वेळेचं जरा भान ठेवूया.”

“दीड तास एकमेकांना शाली पांघरवत होतात तेव्हा कुठे होतं भान?”

आता कोणी हसलं नाही. मागून नाना गरजले, “त्याले बोलू द्या! जेवन थंड व्हई ते व्हऊ द्या!”

मी बोललो. हिरड्यांबद्दल, लघवीच्या रंगाबद्दल, आणि मी स्वतः काय म्हटलं होतं त्याबद्दल. पाचोऱ्याच्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, “लसणाची चटणी चालते का?”

“नाही.”

तो फोन काढून घाईने बाहेर गेला. दोन रविवारांत मला दिसलेलं शिक्षण ते एवढंच. प्रमाणपत्रं वाटण्याआधी मी निघालो. वाटेत अक्कांचा फोन आला की तो मान उचलून पाणी प्यायला.

मंगळवारी हिरड्यांवर गुलाबी झाक आली. शुक्रवारी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला आणि मी त्याच्या मागोमाग अक्कांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्याला पुढे काय द्यायचं ते लिहून द्यायचं होतं, पण आधी घरात काय आहे ते बघायचं होतं. अक्का एकेक डबा काढून देत होत्या. काळ्या मसाल्याचं झाकण उघडून मी विचारलं, “यात कांदा?”

“वाळवून, तळून. घालावाच लागतो.” पुढचा डबा त्यांनी हातातच धरला. “हे तुम्हाला शिकवत नाहीत?”

“नाही.”

“मग दिवसभर तिथे करता काय तुम्ही लोक?”

मी झाकण लावलं, डबा बाजूला ठेवला आणि म्हटलं, “पुढचा द्या.”