मीराबाईंची बोराटी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या मागे बोराटीची रानटी झुडपं होती. उन्हाळ्यात बाकी सगळं करपलं तरी मीराबाईंच्या सात शेळ्या त्या झुडपांवर जगत. काट्यांमधली पानं ओठांनी अलगद खुडत. तोडलेल्या फांद्यांचं मीराबाईंनी झोपडीभोवती कुंपण केलं होतं. बुडखे आत, काटे बाहेर. दाराची फांदीही आतूनच बुडख्याला धरून ओढायची. "बाहेरनं कुणी हात घालून दाखवावा," असं त्या म्हणत. एकट्याच राहत. नवरा गेल्यापासून सतरा वर्षं.

सुंदर सोसायटी स्पर्धा आली तेव्हा अध्यक्ष हितेश आणि सचिव म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

"मावशी, परीक्षक गच्चीवरून बघणार. हा कचरा हलवा," हितेश म्हणाला.

"तुमच्या दाराचं कुलूप कचरा असतं का?"

"हिरवी जाळी लावून देतो ना! मस्त दिसेल."

"जाळीला काटा कुठाय? तुमच्या बाया बिस्किटं घालून कुत्री पोसतात, ती जाळीला भितात होय?"

"अहो, आपलीच कुत्री आहेत," हितेश हसला.

जागा सोसायटीची होती. कुंपण निघालं नाही तर झोपडीही हलवावी लागेल, हे मी शांतपणे समजावलं. मग मीराबाईंनी स्वतःच कुंपण काढलं. जेसीबीवाल्याने त्याबरोबर उभी झुडपंही उपटली आणि सगळं डंपरमध्ये भरून नेलं.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे कुत्र्यांनी जाळी फाडली. पाच शेळ्या मेल्या, त्यातली एक गाभण. दोन झोपडीच्या पत्र्यावर चढल्या म्हणून वाचल्या. काठी घेऊन मध्ये पडलेल्या मीराबाईंच्या पोटरीचा लचका गेला होता.

"नऊला परीक्षक येतायत," हितेश म्हणाला. "हे झाका आधी."

वॉचमनने तीच जाळी मेलेल्या शेळ्यांवर पसरली आणि कडांना विटा ठेवल्या.

"मागेही लॉन केलंय वाटतं," गच्चीवरून परीक्षक बाई म्हणाल्या. "छान!"

पहिला नंबर आला. फोटो चालू असताना मीराबाई लंगडत गेटपाशी आल्या. पायाला फडकं बांधलेलं.

"साहेब, दोन उरल्यात. दारापुरत्या चार फांद्या तरी परत आणून द्या."

मी त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितलं.

"मला लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या.

"कुणाकडून तरी लिहून आणा. रविवारी मीटिंग आहे."

रविवारी अर्ज आला नाही. दोन्ही शेळ्या त्यांनी शुक्रवारीच खाटकाला दिल्या होत्या.