मामीच्या तोंडातला दोरा

आमच्या मामीच्या पार्लरवर ‘भुवया, केस, चेहरा’ अशी पाटी आहे. पण बायका तिथे जातात त्या बोलायला. भुवया हे निमित्त.

मामी जुन्या पद्धतीने भुवया कोरते. दोऱ्याचं एक टोक दातांत घट्ट धरायचं, मधला पीळ दोन्ही हातांच्या बोटांवर खेळवायचा आणि टचाटच केस उपटायचे. तोंडात दोरा म्हणजे तोंड बंद. समोरची बाई खुर्चीत मागे रेललेली, डोळे मिटलेले, एका हाताने कपाळ वर ओढलेलं आणि दुसऱ्याने पापणी खाली. अशा अवस्थेत माणूस खोटं बोलत नाही. मग कुणाचा नवरा बाहेर येतो, कुणाचा साहेब, कुणाची वहिनी. मामीचं उत्तर ठरलेलं.

“म्ह.”

पण त्या एका ‘म्ह’ला फार धार. तुटक असला तर ‘हो का?’ लांबवला, ‘म्हंऽऽ’, की ‘बाई गं, कसं सोसता!’ आणि नाकातून झटका देऊन आला तर ‘तुमच्या जागी मी असते ना, तर दाखवला असता इंगा.’ नेहमीच्या बायकांना ही भाषा पाठ झाली होती. आणि ऐकलेलं सगळं मामीच्या पोटात. दोरा तोंडातून काढल्यावर ती फक्त म्हणायची, “चला, दुसरी भुवई.”

यातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे पोस्टातल्या बाई. काउंटरवर बसायच्या, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना घाबरायचा. दर दुसऱ्या शनिवारी ऑफिस सुटलं की त्या थेट मामीच्या खुर्चीत येऊन पडायच्या आणि सासूबाईंची गोष्ट पुढे चालू.

“मागच्या वेळी कुठवर आले होते हो मी?”

“गॅलरीत,” मामी दोरा तोडता तोडता सांगायची. “सासूबाई तुमचा ओला टॉवेल चिमटीत धरून उभ्या होत्या.”

“हां! तर तो टॉवेल त्यांनी...”

दोरा दातांत. “म्ह.”

इतक्या वर्षांत पार्लरची पायरी न चढलेली एकच बाई होती. मामीची थोरली जाऊ. “तो दोरा तू तोंडात धरतेस, मला बाई किळस येते,” हे कारण. एके दिवशी मात्र ती कोट घालून आली. कडक उन्हाळ्यात, काळा कोट.

“काय सुरेख ठेवलंयस गं पार्लर!” जाऊ म्हणाली.

मामीने चटकन मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून.

जाऊने मोबाइल काढला. एक ॲप होतं. घरातलं सगळं सामान त्यावरून मागवायचं, काही पैसे परत येणार. त्याला कॅशबॅक म्हणतात. शिवाय आपण माणसं जोडायची. त्यांनी मागवलं की त्यातलंही थोडं आपल्याला. माणसं वाढली की आपण सिल्व्हर, मग गोल्ड, मग डायमंड.

“मी डायमंड होण्यातच आहे,” जाऊ कोटाचं बटण चाचपत म्हणाली. “आणि गोल्ड झालीस ना, की कंपनी तुला पार्लरची नवी खुर्ची देते. पंपावर वरखाली होणारी.”

इथे मामी सापडली. तिच्या खुर्चीची पाठ मागे जायची, पण पुढे यायची ती मामाने लाथ घातल्यावरच.

“पण वहिनी, मी कुणाला काय सांगणार? माझ्या तोंडात तर दोरा असतो.”

“मग तोंडातून काढ, मानेत अडकव! मोठ्या पार्लरांत असंच करतात. अगं, तुझ्याकडे बायका आडव्या पडतात, डोळे मिटतात. आमच्याकडची माणसं विषय काढला की पळतात. तुझी पळतीलच कशी?”

झालं. मामीने दोरा मानेत अडकवला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

पहिल्यांदा भरलं ते घर. ठरावीक खरेदी केली नाही तर गोल्डची शिडी बंद, म्हणून दर महिन्याला खोकी यायला लागली. फरशी पुसायचं औषध, काचा पुसायचं औषध, आणि ही दोन्ही ज्या कपाटात ठेवायची ते पुसायचं औषध. मामा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. एका संध्याकाळी त्याला स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, कारण त्यावर शाम्पूच्या बाटल्या रचल्या होत्या.

“अगं, एक विचारू? ते पैसे परत येतात म्हणालीस, ते येतात कुठे?”

“ॲपमध्ये.”

“मग काढ की बाहेर.”

“तसे नाही काढता येत. त्यातून परत काहीतरी मागवायचं असतं. आणि वेळेत मागवलं नाही तर ते जातात.”

मामाने शाम्पूची बाटली उचलून दिव्यापाशी धरली. “म्हणजे पैसे आपले, राहायला त्यांच्याकडे. आणि आपण भेटायला गेलो की भेटायचे नाहीतच, वर आपल्या हातात फिनेल देऊन परत पाठवायचे.”

“तुम्हाला नाही कळायचं.”

“नाही ना कळत. म्हणून तर विचारतोय. आपण दोघं आहोत, अगं. केस माझे संपलेत.”

पार्लरमध्ये बायकांनी आधी ऐकून घेतलं. मामीच ती, तिचं कसं मोडायचं? दोघी-तिघी जोडल्याही गेल्या. मग एकीला अचानक भुवया वाढवाव्याशा वाटल्या. दुसरी दारातूनच “आज घाईत आहे हं” म्हणून जायची आणि समोरच्या बाकावर जाऊन निवांत बसायची. तिसरी आली, पण डोळे मिटेना. आरशातून मामीवर पाळत ठेवून बसली.

पोस्टातल्या बाई मात्र शनिवारी आल्या. खुर्चीत पडल्या, डोळे मिटले. मामीने पावडर लावली. पहिली भुवई झाली. बाईंनी आज सासूबाईंचं नावही काढलं नाही. मग हळूच म्हणाल्या,

“आज वेगळंच सांगायचंय. अजून घरी कुणालाच बोलले नाही. मी बदली मागितलीय.”

मामीच्या मानेत दोरा होता, डोळ्यांसमोर पंपाची खुर्ची होती, आणि गोल्डला नेमकं एकच माणूस कमी होतं.

“बदली? नव्या गावात?”

“हो. काही दिवस तरी वाटतंय, आपण एकटीनेच...”

“अहो बाई, मग तर सोनंच! तिथे आपलं कुणीच नाही. सगळं गाव मोकळं! तुम्ही पहिल्या! आत्ताच्या आत्ता जोडते तुम्हाला, फक्त तुमचा नंबर...”

बाईंनी डोळे उघडले. मामीला त्यांचे डोळे इतक्या जवळून कधी दिसलेच नव्हते.

“एक भुवई झाली ना?”

“हो, ही दुसरी लगेच...”

“राहू दे.”

“अहो, असं एक कोरलेली आणि एक...”

“राहू दे, म्हटलं ना.” त्या उठल्या, पर्स उघडली, दोन्ही भुवयांचे पैसे ठेवले आणि गेल्या. ते पूर्ण पैसे मामीला जास्त झोंबले.

सोमवारी मामा पोस्टातून घरी आला तो कपाळ पुसत.

“काय केलंयस तू त्या बाईंना? एक भुवई कमान, दुसरी झुडूप. मला वाटलं माझ्यावर संशय घेतायत. मी न विचारताच ओळखपत्र दाखवलं!”

“काही म्हणाल्या?”

“म्हणाल्या ना. ‘पुढचे या.’”

“माझं काही विचारलं?”

“अगं, मी स्वतःचं नाव सांगताना चाचरत होतो, तुझं कुठे काढू?”

मामी रिकाम्या खुर्चीत बसली. पाठ मागे गेली आणि तिथेच अडकली. तशा आडव्या अवस्थेत तिला जाऊचा फोन आला.

“महिना संपायच्या आत ते एक माणूस टाक हं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ती पोस्टवाली कुठे गेली?”

“ती रुसली, वहिनी. ती मला काहीतरी सांगत होती.”

“अगं, सांगू दे नंतर! आधी तिला तुझ्या खाली टाक, मग ऐक जन्मभर.”

मामी छताकडे बघत राहिली. “वहिनी, तुमच्या खाली कोण कोण आहे हो?”

“माझ्या? पुष्कळ.”

“नावं सांगा ना.”

“तू आहेस.”

“आणि?”

“तुझे भावजी आहेत.”

“आणि?”

पलीकडे बराच वेळ खाकरणं. “भावजींचा दुसरा फोन आहे.”

मामीने हाक मारली, “अहो! जरा लाथ घाला हो खुर्चीला!”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पोस्टाच्या रांगेत उभी राहिली. पुढे एक आजोबा, रजिस्टर करायचा लखोटा घेऊन. त्यांची पाळी आली आणि बाईंनी ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी खिडकीत ठेवली.

“माझं रजिस्टर!” आजोबा ओरडले.

“सुट्टी संपल्यावर.” मग बाईंना मामी दिसली. कोरलेली भुवई वर गेली, न कोरलेलीचं काय झालं ते कळलं नाही. “तुमचं पार्सल आलंय. गळतंय. फिनेल असावं.”

“पार्सलासाठी नाही आले. दुसऱ्या भुवईसाठी आलेय.”

“इथे?”

“तुमची सुट्टीच आहे ना.”

बाईंनी मामीकडे पाहिलं. मामीने पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं. हात सवयीने मानेकडे गेला, थांबला, आणि टोक दातांत आलं. बाई बाजूचं दार उघडून तिला आत घेऊन गेल्या. पार्सलांच्या पोत्यावर बसल्या, मान मागे टाकली, डोळे मिटले. आजोबा खिडकीतून आत डोकावले. त्यांच्या मागे रांगही डोकावली.

“कुठवर आले होते मी?”

मामीने दोरा काढला. “बदलीपर्यंत. आणि बाई, मी चुकले.” दोरा परत दातांत.

“तर,” बाई म्हणाल्या, “काल घरी सांगून टाकलं. नवऱ्याने पेपर उघडला. पण सासूबाई? बॅग काढली!”

“म्ह?”

“स्वतःची! म्हणाल्या, मी पण येणार. तू गेलीस तर इथे मी भांडू कुणाशी?”

“म्हंऽऽ.”

“मग काय ठरलं?” खिडकीतून आजोबा.

“ठरायचंय काय? भांडायचंच असलं तर इथे निदान गॅलरी मोठी आहे. बदली नको म्हणून कळवलं सकाळी.” बाईंनी एक डोळा किलकिला केला. “पार्सलाचं काय? घेणार नाही म्हणून परत पाठवू?”

“म्ह.” ठाम, तिथल्या तिथे ‘हो’. मान हलवली असती तर भुवई गेली असती.

इतक्यात मामीच्या पर्समधला फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी बाईंनीच हात लांबवून तो कानाला लावला.

“हॅलो? नाही, त्या नाही बोलू शकत. त्यांच्या तोंडात दोरा आहे... कधी निघेल म्हणून विचारतायत तुमच्या जाऊबाई.”

मामीने नाकातून झटका दिला, “म्ह!”

“आता निघायचा नाही, म्हणतायत,” बाईंनी फोनमध्ये सांगितलं आणि ठेवून दिला.

शेवटचा केस निघाला. मामीने दोरा गुंडाळला, पर्स चाचपली आणि जीभ चावली. “आरसा आणायला विसरले.”

“असू दे. शनिवारी येईन तेव्हा बघते.”

आजोबांनी चष्मा वर केला, खिडकीतून नीट निरखून पाहिलं.

“दोन्ही सारख्या झाल्यात,” ते म्हणाले. “आता माझं रजिस्टर घ्या.”