वहिवाट नसलेली मिरवणूक

"वहिवाट आहे काय?" मी विचारलं.

समोरचा माणूस खुर्चीवर बसला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या वस्तीतली माणसं तोवर आमच्या कचेरीत बसत नसत. दाराशी उभी राहत, अर्ज खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत, आणि मग आम्ही तो उचलत असू. अस्पृश्यता कायद्यातून गेली होती. कचेरीतून जायला तिला अंमळ वेळ लागत होता. हा माणूस मात्र सरळ आत आला, 'जयभीम' म्हणाला, खुर्ची ओढली आणि बसला. 'अरे' म्हणायला उघडलेलं माझं तोंड 'बोला' म्हणून मिटलं.

कचेरी पनवेलातली. कुठली ते सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. मी परवान्यांच्या टेबलावर कारकून होतो. सभा, मिरवणूक, बँड, तमाशाचा तंबू, लाऊडस्पीकर, रस्त्यावर ज्याला म्हणून आवाज करायचा असेल त्यानं आधी माझ्याकडे यायचं. माझा छापील फॉर्म होता. त्यात सातवा रकाना असा: 'पूर्वापार वहिवाट आहे काय?' वहिवाट म्हणजे आधीपासून चालत आलेली रीत. पालखी शंभर वर्षं त्याच रस्त्यानं जाते, ताजिया त्याच कोपऱ्यावर वळतो, ही वहिवाट. ती असली की परवाना अर्ध्या तासात. नसली तर वरून आलेलं सर्क्युलर होतं: शांततेस बाध येऊ नये म्हणून नव्या धार्मिक मिरवणुकीस परवानगी देऊ नये.

"वहिवाट कुठची असंल, भाऊसाहेब?" तो म्हणाला. "आमी बौद्ध हून दीड वरीस झालं."

हे सोनू गणू जाधव. मुंबईच्या गोदीत हमालांच्या टोळीचे मुकादम होते; रिटायर होऊन नदीकाठच्या आपल्या वस्तीत परतले होते. नागपूरला धर्मांतर झालं, त्याच्यामागोमाग सगळी वस्ती बौद्ध झाली. घरातले देव नदीत सोडले आणि पत्र्याचं विहार उभारलं. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं की मुलांची फीची सवलत जायची. तरी वस्तीनं लिहिलं. आता मुंबईच्या एका मूर्तिकाराकडून बुद्धाची मूर्ती यायची होती. वैशाख पौर्णिमेला ती एस.टी. स्टँडवर उतरवायची आणि बँड लावून बाजारपेठेतून विहारात न्यायची, एवढा अर्ज.

"मुकादम, नदीकाठानं न्या ना," मी म्हटलं. "ती वाट जवळची. तिथे परवान्याचीही गरज नाही."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. शाळेतल्या मास्तरांनी चुकलेल्या गणिताकडे बघावं तसं.

"त्या वाटेनं आमी मेलेली ढोरं ओढली, भाऊसाहेब. बाजारातनं न्यायची सोय नवती. त्याला त्या वाटेनं नेनार नाय."

मी अर्ज ठेवून घेतला. खरं सांगायचं तर माणूस मला आवडला होता. आवडलेल्या माणसाचं काम नियमात बसवून दाखवणं, हा कारकुनाचा एक छुपा षौक असतो.

आमचे रावसाहेब स्वभावानं वाईट नव्हते, पण बदलीला फार भीत. त्यांनी सातवा रकाना बघितला आणि अर्ज परत सरकवला.

"नवी मिरवणूक. नामंजूर."

"साहेब, माणसं शांत आहेत."

"माणसांचं कोण बोलतंय? उद्या आणखी कुणी नवा देव घेऊन आला तर त्यालाही हो म्हणू? वहिवाट दाखवा, सही करतो."

वहिवाट दाखवा म्हणाले ना, मग दाखवू. मी रेकॉर्ड रूममध्ये शिरलो. लाल फडक्यात बांधलेले जुने बस्ते, आत मोडीतले कागद. मला मोडी येत असे आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. दोन दिवस धूळ खाल्ली, शिंकांनी जीव हैराण झाला, आणि तिसऱ्या दिवशी सापडलं. ग्रामदेवीच्या पालखीपुढे महारांनी काठी घेऊन बाजारपेठेतून तळ्यापर्यंत चालावे, अशी वहिवाट. सरकारी शिक्क्यानिशी. बाजारपेठेतून! ह्या लोकांना बाजारपेठेतून मिरवणुकीत चालण्याचा हक्क सरकार दरबारी नोंदलेला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता.

मी सुरेख अक्षरात परवाना लिहिला. 'मौजे मजकूरचे हिंदू महार यांस पूर्वापार वहिवाटीप्रमाणे बाजारपेठेतून मिरवणुकीने जाण्यास हरकत नाही.' रावसाहेब खूष झाले. "वा, बरं शोधलंत," म्हणत त्यांनी सही ठोकली. शिपायाबरोबर पाठवायचा कागद मी स्वतः घेऊन निघालो. कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय!

त्या वस्तीत मी पहिल्यांदाच जात होतो. पनवेलात एकवीस वर्षं नोकरी, आणि पहिल्यांदा. विहार म्हणजे चार वासे आणि वर पत्रा. जमीन मात्र अशी सारवलेली की चप्पल काढताना पायाची लाज वाटावी. मूर्तीसाठी चौथरा तयार होता, त्याला निळा रंग दिलेला. मुकादमांच्या सूनबाई, शांताबाई, त्यांनी चहा आणला. मी कप उचलला तेव्हा दारातल्या सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. प्यायलो. साखर जास्त होती.

मुकादमांनी चष्मा लावला आणि परवाना वाचायला घेतला. ते गोदीतल्या रात्रशाळेत शिकले होते. एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत. 'हिंदू'वर बोट थांबलं. मग 'पूर्वापार'वर थांबलं.

"ही वहिवाट कंची?"

मी ऐटीत सांगितली. पालखी, काठी, मोडी, शिक्का, सगळं.

मुकादमांनी चष्मा काढला.

"भाऊसाहेब, पालखीच्या फुडं कशापाई चालवत आमाला, ठावं हाय?"

"मान असेल काहीतरी."

"मान! आमचंच कुनी वाटंत उभं असंल, तर त्याची सावली पालखीवर पडंल. त्याला हाकलायला. माझा बाप काठी घिऊन फुडं चालायचा आनि माझ्या चुलत्याला, मला, आयेला वाटंतनं हाकलायचा. हा परवाना माझ्या बापाचा हाय. माझा नाय."

"अहो, पण सही झाली आहे. मूर्ती बाजारातून जाईल. कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतंय?"

"आमी बघू ना," शांताबाई दारातून म्हणाल्या. "उद्या सरकार म्हननार, तुमीच हिंदू म्हनून परवाना घेतलाव. मंग?"

मुकादमांनी परवाना नीट घडी करून दोन्ही हातांनी मला परत दिला. त्यांच्या वागण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता, आणि त्यामुळेच ते मला जास्त झोंबलं. मंजूर झालेला परवाना परत केल्याची घटना माझ्या नोकरीत आधी घडली नव्हती. मी दोन दिवस धुसफुसत होतो. करायला गेलो काय आणि झालं काय! ह्यांच्यासाठी धूळ खाल्ली, शिंकलो, आणि वर हे. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मला कुणी माझ्या सासूची साडी नेसून माझ्याच लग्नात उभं राहा म्हटलं असतं, तर मी तरी काय केलं असतं?" माझ्या आईशी तिचं फारसं पटत नसे, त्यामुळे उदाहरण तिला चटकन सुचलं. पण मुद्दा डोक्यात बसला. वहिवाट शोधताना मी ती कुणाची आहे हे बघितलं होतं, कशाची आहे हे बघितलंच नव्हतं.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा मुकादम पुन्हा कचेरीत आले. ह्या वेळी थेट रावसाहेबांपुढे बसले. मी कागद घेऊन बाजूला उभा. म्हटलं, आता भांडण होणार.

"रावसाहेब, एक इचारायचं व्हतं. इकत घेतलेलं सामान घरी न्यायला परवाना लागतो काय?"

"नाही."

"बाजारातनं नेलं तर?"

"नाही. पावती जवळ ठेवा म्हणजे झालं."

"चौघांनी उचललं तर?"

"जड असेल तर उचलणारच."

"झाकून न्यायला पायजे काय?"

रावसाहेब आता सावध झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"झाकावं असा नियम नाही," ते सावकाश म्हणाले.

"आनि आमची मान्सं त्याच टायमाला बाजारात आली तर?"

"बँड नाही, घोषणा नाही, घोळका नाही. एका वेळी चारच्या वर माणसं एकत्र दिसली तर ती मिरवणूक. मग मला अडवावं लागेल."

"चार म्हंजे चार," मुकादम म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर रावसाहेबांनी मला फर्मावलं, "तुम्ही जा बरोबर. काय होईल ते रोजनाम्यात लिहा." रोजनामा म्हणजे घडलेल्या गोष्टीची त्याच दिवशी करायची सरकारी नोंद. "आणि नीट लिहा. सामान नेलं, असं लिहा."

पौर्णिमेच्या सकाळी मी स्टँडवर हजर. मुकादमांच्या गोदीतल्या जुन्या टोळीतले दोघं मूर्ती मुंबईहून घेऊन आले होते. टपावर न टाकता पाळीपाळीनं मांडीवर घेऊन. मूर्ती दोन-अडीच फुटांची, पांढरी, डोळे मिटलेले. फळीवर ठेवून चौघांनी खांद्याला लावली. आणि मग मी जे बघितलं ते त्या मुकादमालाच जमावं.

गोदीत हमाल पाठीवर पोतं घेऊन एका फळीवरून जहाजात चढतात. दोन माणसांत अंतर कमी पडलं तर फळी मोडते, जास्त पडलं तर काम तुंबतं. मुकादमाचं काम एवढंच, की अंतर राखायचं. सोनू मुकादमांनी सगळी वस्ती तशी सोडली. चार माणसं, मग तीन दुकानांचं अंतर, मग चार माणसं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, जोडपी. सगळ्यांच्या अंगावर पांढरं. तोंडातून शब्द नाही. ते स्वतः स्टँडच्या कोपऱ्यावर उभे राहून तळहात वर करत, खाली करत, आणि हात खाली आला की पुढचे चार निघत. किती वेळ ते येतच होते. मी अंतरं मोजत चाललो होतो, म्हणजे माझं कामच होतं ते. पण एकदाही चूक सापडली नाही. असली शिस्त आमच्या कचेरीत मी कधी बघितली नव्हती.

बाजारपेठेच्या मध्यावर किराण्याचे एक मोठे व्यापारी शेठजी पेढीवरून उतरले आणि मूर्तीच्या आडवे उभे राहिले. चौघे थांबले. मागचे चार थांबले, त्यांच्या मागचेही. कुणी पुढे आलं नाही, अंतर मोडलं नाही. इथे एक शब्द वाकडा गेला असता, तर वर्षानुवर्षं सातव्या रकान्यात 'नाही'च लिहावं लागलं असतं.

"भाऊसाहेब, परवाना आहे का ह्यांच्याकडे?" शेठजींनी मला विचारलं.

"परवाना कशाला? सामान आहे. पावती आहे."

"आणि हे मागे एवढे लोक?"

"बाजाराला आलेत."

"सगळे पांढरे कपडे घालून?"

"ऊन किती आहे बघा ना, शेठ."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं. मिटल्या डोळ्यांच्या माणसाशी वाद कसा घालणार? समोरच्या दुकानातले कासमचाचा ओरडले, "अहो शेठ, जाऊ द्या ना, गिऱ्हाईक खोळंबलंय माझं!" शेठजी पायरीवर चढले. चौघांनी पाऊल उचललं. शांताबाई माझ्या बाजूनं गेल्या तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला गहिवरून आलं. सरकारी कामावर असताना येऊ नये, पण आलं.

मुकादम सगळ्यात शेवटी निघाले. त्यांची चौकडी बाजारात माझ्यापाशी पोचली तेव्हा तिच्यात तिघंच होते, म्हणून मी चौथा झालो. तशी ती ड्यूटीच होती.

संध्याकाळी मी रोजनामा लिहिला: 'आज वैशाख पौर्णिमेस बौद्ध लोकांनी बुद्धमूर्ती एस.टी. स्टँडपासून बाजारपेठेतून विहारात नेली. वाहतुकीस अडथळा नाही. कोणाची तक्रार नाही.' आमच्या त्या दप्तरात 'बौद्ध' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा आला.

रावसाहेबांनी वाचलं. "सामान लिहायचं ठरलं होतं ना?"

"साहेब, निघताना सामान होतं. चौथऱ्यावर बसल्यावर सामान म्हणवेना."

त्यांनी नोंद पुन्हा एकदा वाचली. मग कडेला सही केली आणि म्हणाले, "माझी बदली झाली तर तुम्ही जबाबदार." झाली नाही, पुढच्या वर्षी त्यांना बढतीच मिळाली.

त्यांच्या जागी नवे साहेब आले. वैशाखात अर्ज आला: बँड, रथ, सगळं. सातव्या रकान्यात मी लिहिलं, 'आहे', आणि सोबत माझ्याच रोजनाम्याची नक्कल जोडली. अर्ध्या तासात परवाना झाला. त्यावर धर्म लिहिला होता, बौद्ध; जात लिहिलेली नव्हती.

मोडी वाचणाऱ्याला वाटतं की वहिवाट जुन्या कागदात सापडते. तसं नसतं. आधी कुणीतरी पहिल्यांदा चालावं लागतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते जसं घडलं तसं लिहावं लागतं. दोन्हींत माझ्या वाट्याला सोपं काम आलं, आणि तेसुद्धा मी पहिल्या खेपेला चुकवलं होतं.